ग्रॅफाइटचे अणू बघायचे तर आधी पंखा बंद करा

लॅबमध्ये नवीन पोरगं आलं की मी त्याला एसटीएमवर (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप: सुईचं टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ फिरवून, मधून वाहणाऱ्या बारीक करंटवरून अणू दाखवणारं यंत्र) पहिल्यांदा ग्रॅफाइटच लावायला देते. व्हॅक्यूम लागत नाही, साध्या हवेत अणू दिसतात, आणि सॅम्पल साफ करायला सेलोटेप पुरते. टेप चिकटवा, अंगठ्याने दाबा, सावकाश ओढा. टेपवर चकचकीत पापुद्रा आला की खाली कोरा पृष्ठभाग तयार.

टिपला, म्हणजे त्या सुईला, प्लॅटिनम-इरिडियमची पाव मिलिमीटर जाडीची तार घ्या. कटर तिरका धरा आणि कापता कापताच तार ओढा, म्हणजे टोक तुटून निघतं. ते दिसायला ओबडधोबड असलं तरी चालेल, सगळ्यात पुढे आलेला एखादा अणू काम भागवतो. माझ्या चारातली एक टिप चालते.

बायस (टिप आणि सॅम्पलमधला व्होल्टेज) 50 मिलिव्होल्ट, करंट 1 नॅनोअँपिअर. टिप सॅम्पलजवळ नेताना शेवटचं अंतर मशीनलाच कापू द्या. तिथे 1 अँगस्ट्रॉमच्या फरकाने करंट सुमारे दहापट बदलतो, हाताचा काय पाड लागणार! पंखा, एसी बंद. अर्धा तास थांबा, नाहीतर तापमानामुळे चित्र सरकत राहतं. आधी 500 नॅनोमीटरच्या चौकटीत सपाट जागा शोधा, मग 5 वर या.

ठिपके दिसले की लगेच पेढे वाटू नका. मला पहिल्याच आठवड्यात सुरेख रांगा दिसल्या होत्या. सरांनी न बोलता स्कॅनचा वेग दुप्पट केला आणि रांगा निम्म्या झाल्या. विजेची 50 हर्ट्झची गुणगुण होती ती! म्हणून वेग बदलून बघा, खऱ्या अणूंमधलं अंतर तेवढंच राहतं. मग स्कॅनची दिशा 30 अंशांनी फिरवा, चित्रातली जाळीही तेवढीच फिरायला हवी.

आता मोजा. एका रांगेतली दहा अंतरं एकदम मोजून दहाने भागा. 2.46 अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवं. पुस्तकातलं 1.42, म्हणजे लगतच्या दोन अणूंमधलं अंतर, शोधत बसू नका. ग्रॅफाइटच्या थरातल्या प्रत्येक षटकोनातल्या सहापैकी सहसा तीनच अणू उठून दिसतात, कारण ज्यांच्या बरोबर खाली पुढच्या थरातला अणू येतो ते फिके पडतात. उंचीसाठी एखादी पायरी, म्हणजे थर संपतो ती कड, गाठा: 3.35 अँगस्ट्रॉम किंवा त्याच्या पटीत.

म्हणजे चित्रातला ठिपका इलेक्ट्रॉन कुठे सहज मिळतात ते सांगतो, मांडणी आपल्याला लावावी लागते. सिलिकॉनच्या 7×7 पृष्ठभागाचंच बघा (तिथे वरचे अणू नव्याने मांडले जाऊन मूळ जाळीच्या सातपट बाजूची चौकट बनते). एसटीएम बनवणाऱ्या बिनिग-रोहरर यांच्या 1983 च्या चित्रात एका चौकटीत 12 उंचवटे स्पष्ट दिसत होते. त्यांच्याखालचे थर कसे बसलेत, हे ताकायानागींनी 1985 मध्ये इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनवरून, म्हणजे विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांनी उमटवलेल्या नक्षीवरून, लावलं.