पाऊस सरला : खताची गोणी फोडण्याआधी तळ्याचा रंग पाहा

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मुंबईतून मोसमी पाऊस परततो आणि मनोरी-गोराईपासून वसई-पालघरपर्यंतच्या गोड्या पाण्याच्या उथळ मत्स्यतळ्यांचा सर्वांत धोक्याचा काळ सुरू होतो. रोहू, कटला, मृगळ अर्धा-पाऊण किलोचे झालेले असतात, खाद्यावर बराच खर्च होऊन गेलेला असतो, आणि नेमक्या याच वेळी पाणी न पाहता केवळ तारीख पाहून खत टाकले जाते. माझ्या पाहण्यातली बहुतेक तळी या एकाच दुर्लक्षामुळे हातची गेली आहेत.

पावसाळ्यात चांगल्या तळ्याचे पाणी फिक्या चहासारखे तपकिरी दिसते. हा रंग डायटमचा, म्हणजे काचेसारख्या कवचात राहणाऱ्या एकपेशीय शेवाळाचा असतो. हे कवच पाण्यात विरघळलेल्या सिलिकेपासून (वाळू-काचेतल्या खनिजापासून) बनते, आणि आपल्याकडचा काळा पाषाण झिजताना ती सिलिका पावसाच्या ओहोळांबरोबर तळ्यात आणून सोडतो. पाऊस थांबला की ही आवक आटते; शेण, युरिया आणि न खाल्लेल्या खाद्यातून नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) मात्र येतच राहतात. डायटम त्या जोरावर वाढतात, उरलीसुरली सिलिका ओढून घेतात आणि जड कवचामुळे तळाशी बसतात. इंग्लंडच्या विंडरमियर सरोवरात शेवाळाचे अभ्यासक लुंड यांनी 1950 मध्ये दाखवून दिले की सिलिका लिटरमागे सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिथल्या प्रमुख डायटमची वाढ थांबते. ते सरोवर खोल आणि थंड आहे, परंतु सिलिका संपली की डायटम थांबतात हा हिशेब आपल्या चार-पाच फुटांच्या तळ्यालाही लागू पडतो. मग उरलेल्या नत्र-स्फुरदावर सिलिकेची गरजच नसलेले निळे-हिरवे शेवाळ फोफावते, वर तरंगून ऊन अडवते, दुपारी पाण्याचा सामू (पीएच) 9 च्या पुढे नेते (अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो) आणि रात्रभर प्राणवायू पिते.

वसईकडच्या एका तळ्यावर मी हे पहाटे पाच वाजता पाहिले आहे. पाण्यावर पोपटी साय होती, काठाला ओल्या गवताचा कुजका वास येत होता आणि कटला तोंडे वर काढून हवा घेत होते. आठ दिवसांपूर्वी ठरल्या तारखेला युरिया पडला होता. पाणी हिरवे झाल्यावर दुकानदाराच्या सांगण्यावरून शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकला गेला, सगळे शेवाळ एकदम मेले, ते कुजताना राहिलेला प्राणवायूही संपला, आणि त्यात आभाळ भरून आले. दुपारपर्यंत मासे टोपल्यांनी काढावे लागले. दाट शेवाळावर मोरचूद टाकू नका, हे मी दरवर्षी लिहितो.

पाणी पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या स्वच्छ बाटलीत तळ्याचे पाणी भरून तासभर सावलीत न हलवता ठेवावे : तळाशी तपकिरी थर बसला तर डायटम आहेत, वर हिरवे कण गोळा झाले तर निळे-हिरवे शेवाळ आले आहे. त्याशिवाय 20 सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या तबकडीवर काळे-पांढरे चतकोर रंगवून, दर 10 सेंटिमीटरला गाठ मारलेल्या दोरीने ती ऊन वर आल्यावर पाण्यात सोडावी. ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक आहे; 20 च्या आतच दिसेनाशी झाली तर शेण, युरिया, सुपर फॉस्फेट सर्व त्याच दिवशी बंद करावे आणि खाद्य निम्म्यावर आणावे. खताच्या शिफारशींच्या पत्रकांतील शेणाचे हेक्टरी वर्षाला 10 टन, युरियाचे 200 किलो हे प्रमाण वर्षभराचे आहे. महिन्याचा हप्ता पडलाच पाहिजे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) पहाटे तीन ते सहा चालवावाच, परंतु दुपारीही तास-दोन तास चालवावा, म्हणजे खालचे-वरचे पाणी मिसळते, बसलेले डायटम पुन्हा उजेडात येतात आणि तळाच्या गाळातून सुटलेली सिलिकाही वर येते. आभाळ भरलेल्या दिवशी खाद्य टाकू नये.

‘डायटम वाढवणारे’ म्हणून महागडी बाटली घेण्याआधी आपली विहीर किंवा बोअर आठवावी. बेसाल्टातून झिरपलेल्या पाण्यात वर सांगितलेल्या मर्यादेच्या कित्येक पट सिलिका असते. तळाकडचे थोडे पाणी काढून त्याजागी हे पाणी भरावे, मात्र त्यात प्राणवायू कमी असल्याने ते दगडांवरून आपटत सोडावे, आणि खाडीलगत आधी चव घेऊन खारे नाही याची खात्री करावी. भाताच्या तुसाची राख गोणपाटात बांधून आवकेच्या तोंडाशी ठेवल्याने तपकिरी रंग लवकर परततो असा माझा अंदाज आहे; तो कोणत्याही शिफारशीत नाही, आणि राखेने सामू चढतो, म्हणून आधीच हिरव्या झालेल्या तळ्यात ती ठेवू नये.

नेहमीची कामे :
बांधाची भगदाडे बुजवणे.
आवक-जावकेच्या जाळ्या धुणे.
जलपर्णी काढून काठापासून दूर टाकणे.
पंधरवड्याला जाळे टाकून वजन पाहणे.
चुना मातीच्या सामूनुसार, सकाळी.

बाटलीच्या तळाशी तपकिरी थर सलग तीन दिवस दिसला आणि तबकडी 35 सेंटिमीटरपर्यंत दिसू लागली, की खत पुन्हा सुरू करावे, तेही नेहमीच्या निम्म्या मात्रेने. डिसेंबरचा गारवा आणि वारा येईपर्यंत मात्रा वाढवू नये.