वॉटर मॉडेलिंगला नवीन आहात? माझा उजनीचा अनुभव

सिव्हिल करून एमटेकला आलो तेव्हा मला वाटायचं मॉडेलिंग (पाऊस पडला की धरणात किती पाणी येईल याचा हिशोब) म्हणजे निव्वळ कॉम्प्युटरचं काम. प्रोजेक्टला भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणलोट घेतलं, कारण आम्ही सोलापूरकडचे, उन्हाळ्यात घरी फोन लावला की पहिला विषय "उजनी किती मायनसमध्ये गेली" हाच असतो (117 टीएमसीच्या धरणात 63 च्या आसपास मृतसाठा, पाणी त्याच्याही खाली गेलं की मायनस).

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका. स्वॅट हे पाणलोटाचं मॉडेल फुकट आहे, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, उंचीचा नकाशा, माती, जमिनीचा वापर, रोजचं हवामान एवढं दिलं की रन होतं. खरं डोकं त्यानंतर लागतं. माझं मॉडेल दरवर्षी उजनीत जास्तच पाणी आणायचं, मग मी कर्व्ह नंबर कमी करत बसलो, म्हणजे जमीन जास्त पाणी पिणारी केली, नॅश-सटक्लिफ (मॉडेल प्रत्यक्ष नोंदींशी किती जुळतं याचा आकडा) एकदम मस्त आला आणि मी खूश. गाईडनी एवढंच विचारलं, "मुळशीचं पाणी कुठे जातं रे?"

मुळशी धरण भीमेच्या खोऱ्यात, पण तिथलं पाणी विजेसाठी सह्याद्री उतरून भिऱ्याला जातं, लोणावळा-वळवणचं खोपोलीला. कोकणात गेलेलं ते पाणी मी पुणे जिल्ह्याच्या मातीत मुरवलं होतं! याच मॉडेलला पुढच्या 30 वर्षांचा वाढीव पाऊस दिला असता तर तोही त्या खोट्या मातीने पिऊन टाकला असता आणि पूर कमी दिसला असता. सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल नोंदींशी जुळवणं, परत केलं, दोन महिने गेले.

क्लायमेट डेटाचंही तसंच. जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन साधारण 100 किलोमीटरचा, त्यात घाटमाथ्याचा हजारो मिलीमीटर आणि पुण्याचा सातशेच्या आसपासचा पाऊस एकत्र कालवलेला असतो. हवामान खात्याच्या जुन्या नोंदींशी ताडून बायस करेक्शन, म्हणजे नेहमीची चूक दुरुस्त, केल्याशिवाय तो वापरूच नका, आणि एका मॉडेलवर विसंबू नका, पाच-सहा घ्या, उत्तर रेंजमध्ये सांगा, धरणाचं पाणी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्याला ती रेंजच लागते.

आणि फिल्डवर जाच. मी मे महिन्यात उजनीच्या काठच्या पळसदेवला गेलो, पाणी ओसरून जुनं देऊळ उघडं पडलेलं, आणि एक काका गाळातून मोटार पुढे ओढत होते. म्हणाले, "पाणी मागं सरकलं की आम्ही त्याच्या मागं, औंदा तिसऱ्यांदा पाइप जोडतोय." बॅकवॉटरमधून उसाला होणारा हा उपसा माझ्या मॉडेलमध्ये कुठेच नव्हता, परत येऊन आधी तो टाकला.