बातमी आली की आधी विचारा: कायदा की ऑर्डर?

2013 च्या ऑक्टोबरात इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, सरकार 16 दिवस बंद होतं. आईचा फोन आला, "सरकार पडलं का रे?" पडलं नव्हतं. आपल्याकडे लोकसभेत बजेट नामंजूर झालं तर सरकारच जातं. इथे राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, बहुमताची गरज नसते, म्हणून तो खुर्चीवरच राहतो. पण तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे. पैसे मंजूर झाले नाहीत की ऑफिसं बंद. तेव्हा लेबर डिपार्टमेंटमधलं एलसीएचं (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने द्यायच्या हमीपत्राचं) काम थांबलं, आणि एलसीएशिवाय एच-वनचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज जात नाही. इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं, यूएससीआयएस, बहुतांशी अर्जांच्या फीवर चालतं, ते सुरू होतं. आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं. त्या सुमारास नोकरी बदलणार असाल तर वकिलाला एलसीए आधीच टाकायला सांगा.

राष्ट्राध्यक्षांनी कशावर सही केली की व्हॉट्सॲपवर "कायदा बदलला!" सुरू होतं. बहुतेकदा ती ऑर्डर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी प्रशासनाला दिलेला आदेश, असते, आणि ती आपल्या वटहुकुमाइतकीही जोरदार नाही: वटहुकूम तात्पुरता का होईना कायदा असतो, ऑर्डरला आहे त्या कायद्यातच बसावं लागतं. वर्षाला एच-वनचे 65,000 अधिक (इथली मास्टर्स किंवा वरची डिग्री असणाऱ्यांसाठी) 20,000 व्हिसा आणि ग्रीन कार्डावरची दर देशाला 7 टक्क्यांची मर्यादा काँग्रेसने घातलीय, ती सहीने हलत नाही. उलट एच-फोरवाल्यांचं (एच-वनवाल्यांच्या काही जोडीदारांचं) वर्क परमिट 2015 च्या सरकारी नियमातून आलं. तो नियम पुढचं प्रशासन बदलू शकतं, म्हणून त्याच्या भरवशावर घराचं कर्ज काढताना जरा दमानं.

गाफीलही राहू नका. परदेशी माणसाचा प्रवेश रोखण्याचा अधिकार 1952 च्या कायद्यात काँग्रेसनेच राष्ट्राध्यक्षाला देऊन ठेवलाय. 2020 च्या जूनमध्ये तो एच-वनवर वापरला गेला. स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसा लावून घेणं) बाकी ठेवून भारतात गेलेले तिकडेच अडकले.

आणि एक, जे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. प्रशासनाला जाब विचारणं हेही काँग्रेसचं काम, आणि ते तुमच्या फाइलपर्यंत पोचतं. बायकोची फाइल एका ऑफिसात महिनोन्महिने पडून होती. वैतागून आमच्या भागातल्या काँग्रेसमनच्या स्थानिक ऑफिसला फोन केला. त्यांनी प्रायव्हसी रिलीजचा फॉर्म पाठवला, सही करून द्यायला सांगितलं. ते हुकूम देऊ शकत नाहीत, फक्त चौकशी करतात. पण उत्तर आलं. फोनवरच्या मुलीने पत्ता विचारला, रिसीट नंबर विचारला. नागरिक आहात का, हे विचारलंच नाही.