शेवटची रांग धरू नका

जॅझ नाचाच्या पहिल्या क्लासला मी अगदी मागचा कोपरा धरला. कुणाचं लक्ष नको, पुढच्यांचं बघून करू, असा हिशेब. वॉर्मअप झाला, सरांनी एक वळण दाखवलं, सगळे गर्रकन मागे फिरले आणि मी एकदम पहिल्या रांगेत! समोर नुसती भिंत. म्हणून सांगते, मधल्या रांगेत उभे राहा. कुठेही वळलात तरी पुढे कुणीतरी असेल.

मी ठाण्याची, वय ४१. शाळेत असताना कथकच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी आली आणि घुंगरू माळ्यावर गेले. इतक्या वर्षांनी जॅझच्या बिगिनर्स बॅचला नाव घातलं तेव्हा वाटलं, नाच तर येतोच, तयारी कसली? कथकनेच सगळ्यात जास्त घोळ घातला.

कपड्यांचं आधी उरकते. लेगिंग्ज किंवा ट्रॅक पँट आणि अंगासरशी बसणारा टी-शर्ट. ढगळ कुर्त्यात गुडघा वाकलाय की नाही ते शिकवणाऱ्याला दिसत नाही. केस घट्ट बांधा, बांगड्या-घड्याळ घरी ठेवा. लांब मंगळसूत्रही काढून ठेवा. माझं पहिल्याच उडीत हनुवटीवर आपटलं.

पायात काय घालायचं, हा खरा प्रश्न. मी सुती मोज्यांवर गेले आणि लाकडी जमिनीवर अशी घसरले की शेजारच्या मुलीने दंड धरला म्हणून वाचले. जिमचे जाड बूटही नकोत. रबरी तळ जमिनीला धरून बसतो, अंग वळतं आणि पीळ पडतो गुडघ्याला. जॅझ शूज मऊ चामड्याचे किंवा कापडाचे असतात. बऱ्याच जोड्यांचा तळ अखंड नसतो. चवड्याखाली एक तुकडा, टाचेखाली एक, त्यामुळे तळपाय पूर्ण वाकतो. पण पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. अनवाणी चालेल का, ते फोन करून विचारा. महिनाभर टिकलात तर घ्या, आणि संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात.

आता ताल. आमच्या कथकच्या बाईंनी सम इतकी घोटून घेतली होती की जोर पहिल्या मात्रेवर, हे अंगातच मुरलेलं. जॅझमध्ये चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका जाणवतो. याची सवय घरीच करून जा. ड्यूक एलिंग्टन किंवा काउंट बेसी या जुन्या जॅझ वादकांचं काहीतरी लावा, एक-दोन-तीन-चार मोजा आणि दोन-चारवर टाळी द्या. मी पोळ्या करताना लाटणं आपटायचे. पहिले दोन दिवस ते आपोआप एकवरच पडायचं.

क्लासमध्ये मोजणी आठ-आठची, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाचं निम्मं आवर्तन. ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ हा नुसता इशारा असतो, नाच पुढच्या ‘वन’ला सुरू होतो. मी ‘फाइव्ह’लाच निघाले होते.

घरी आणखी एक गोष्ट करा, आयसोलेशन. म्हणजे एकच अवयव हलवायचा आणि बाकीचं अंग जागच्या जागी ठेवायचं. मान आडवी सरकवणं मला लगेच जमलं, कथकमधली आपली सुंदरी ग्रीवा तीच. बरगड्या मात्र हलेनात. मग युक्ती सापडली: भिंतीला पाठ लावायची, गुडघे किंचित वाकवायचे, हात कमरेवर, आणि कंबर न हलवता फक्त छाती उजवीकडे, मध्ये, डावीकडे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. आठवड्याने बरगड्या जरा जाग्या झाल्या.

गंमत अशी, की यात आपल्याकडचंही थोडं आहे. अमेरिकेत रंगमंचावरच्या जॅझ नृत्याला वळण देणारे जॅक कोल (१९११–१९७४) भरतनाट्यम शिकले होते आणि त्या हालचाली त्यांनी स्विंगच्या, म्हणजे जॅझच्याच एका प्रकारच्या संगीतावर बसवल्या. मूळ मात्र आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या नाचातलं. गुडघे सैल, वजन खाली. कथकमधल्यासारखे ताठ उभे राहिलात तर पुढचं काहीच नीट होत नाही.

एक स्टेप आधीच पाठ करून गेलात तर धीर येतो: जॅझ स्क्वेअर. चार फरशा जिथे मिळतात तिथे उभे राहा. उजवा पाय डाव्यावरून ओलांडून पुढे, डावा मागे, उजवा बाजूला, डावा पुढे. चार पावलांत चौकोन. बघायला सोपं, पण मान वर ठेवून करा. पायांकडे बघत केलं तर आरशासमोर सगळं विसरतं.

पाय वाजवू नका, हे कथकवाल्यांसाठी. माझ्याहून निम्म्या वयाचे सर दोनदा म्हणाले, ‘ताई, जमिनीवर राग काढू नका.’ उडी आधी चवड्यावर उतरवायची, मग टाच, तीही आवाज न करता. गिरकीही आपल्यासारखी टाचेवर नाही, चवड्यावर. नजर एका ठिकाणी रोखून मान शेवटी फिरवणं मात्र तेच, तेवढी जुनी शिकवणी वसूल झाली.

खाणं दीड-दोन तास आधी, हलकं. गुडघा-कंबर दुखत असेल तर सुरुवातीलाच सांगा. आणि दहा मिनिटं लवकर पोचा, वॉर्मअप चुकवून मध्येच उड्या मारायला लागू नका.

क्लास संपल्यावर सगळ्यांनी सरांसाठी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने जमिनीला हात लावायला वाकले होते. वाकल्या वाकल्याच दोन टाळ्या दिल्या.

पहिला क्लास शक्यतो शनिवारी ठेवा. मी बुधवारी गेले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की ठाणे स्टेशनचा पूल चढले कशीबशी, उतरताना मात्र कठड्याला धरून एकेक पायरी. त्यात माझी ८:१२ची लोकल गेली.