‘भारी झालंय’वर काढलेला तोडगा: माझा अनुभव

असाइनमेंटसाठी अजिंठा-वेरूळचं तीन घड्यांचं ब्रोशर करत होतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकली. उत्तरं काय, तर ‘भारी’, ‘फॉन्ट बदल ना’ आणि सात अंगठे. यातून काय कप्पाळ सुधारणार?

चूक माझीच. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की लोक मन राखतात.

मग ए-फोरवर पाठपोट प्रिंट काढल्या, घड्या घातल्या आणि कॅन्टीनमध्ये एकेकाच्या हातात दिल्या. प्रश्न एकच: ‘मंगळवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरला उतरलायस. कुठली लेणी बघशील?’ पुढे तोंड बंद. (हेच सगळ्यात अवघड, समजावून सांगायला जीभ नुसती वळवळते.) वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. ही ओळ मी शेवटच्या पानावर सात पॉइंटच्या बारीक अक्षरात, करड्या रंगात टाकली होती. पाचपैकी चौघांना ती सापडलीच नाही. एक जण तर कैलास लेण्याचा फोटो बघून ‘वेरूळ!’ म्हणून मोकळी झाली.

शिवाय आत दुमडणारं पान फुगत होतं. ए-फोरच्या २९७ मिमी लांबीचे तीन सारखे भाग केले होते. आता १००, १०० आणि आतलं ९७. स्क्रीनवर हे कुणाला दिसलं असतं?

बंद असण्याचे वार आता ब्रोशर उघडताच समोर, १२ पॉइंट ठळक. दुसऱ्या फेरीला मुद्दाम नवे पाच जण धरले, पहिल्यांना उत्तर पाठ झालं होतं. चौघांनी लगेच ‘अजिंठा’ सांगितलं. पाचव्याने प्रिंटवर चहा सांडला.