मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम : गळतीमागच्या चुका आणि त्यांवरचे उपाय

२०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत खुला झाला, तेव्हा जगभरातून सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली आणि त्यांपैकी सुमारे २०,००० जणांनी तो पूर्ण केला. या दोन आकड्यांत मोफत शिक्षणाचे सामर्थ्यही दिसते आणि गळतीही. माझ्या मते या गळतीचे मोठे कारण बुद्धीची कमतरता हे नसून, मोफत म्हणून सुरू केलेल्या अभ्यासक्रमाला नियमित वर्गाइतका मान न देणे हे आहे.

सर्वांत महागात पडतो तो नोंदणीविषयीचा गैरसमज. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावर अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे मोफत असले, तरी प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याची मुदत वेगळी आणि त्याला शुल्कही असते. ‘स्वयम्’वरच चालणाऱ्या ‘एनपीटेल’ या आयआयटींच्या उपक्रमातील बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्यायांना २५ गुण, तर केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. स्वाध्याय दर आठवड्याच्या मुदतीतच द्यावे लागत असल्याने, सुरुवातीचे पाच बुडाले की आठाची संख्याच भरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करता येतात, परंतु आपले महाविद्यालय नेमका कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरणार आहे, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी चूक नुसते पाहत राहण्याची. ठाणे–वाशी लोकलमध्ये ऐरोली किंवा घणसोली येईपर्यंत इअरफोन लावून दीडपट वेगाने व्याख्याने संपवणारे तरुण रोज दिसतात आणि त्यांची जिद्द खरोखर कौतुकास्पद आहे. मात्र शिक्षकांनी फळ्यावर सोडवलेले उदाहरण व्हिडिओ थांबवून स्वतःच्या वहीत सोडवले नाही, तर स्वाध्यायाच्या वेळी हात अडतो. म्हणून प्रवासात ओळख करून देणारे भाग ऐकावेत आणि उदाहरणांसाठी अभ्यासिकेतील ठरावीक वेळ राखून ठेवावी.

स्वाध्याय वारंवार अडत असेल, तर तेच व्याख्यान पुन्हा पाहण्याऐवजी पूर्वतयारी तपासावी, कारण गणितातील मॅट्रिक्स आणि संभाव्यता कच्ची असताना मशीन लर्निंगला (संगणकाला माहितीवरून शिकवण्याच्या तंत्राला) हात घातल्यास तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच दमछाक होते. एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्यावा आणि शक्यतो तोच करणारा एखादा सोबती शोधावा.

आधीच मागे पडला असाल, तर उरलेल्या स्वाध्यायांच्या मुदती आजच मोजा. प्रमाणपत्राचे गणित जमत नसेल, तर परीक्षेचे शुल्क न भरता शिकणे चालू ठेवा. ‘एनपीटेल’ची व्याख्याने यूट्यूबवर खुली आहेत.