जालियनवाला बागेवर ‘निःपक्षपाती’ लिहिताय? या चुका टाळा

सर्वांत जास्त आढळणारी चूक आकड्यांची आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत झालेल्या गोळीबारातील मृतांची संख्या सरकारने नेमलेल्या हंटर समितीने ३७९ दिली, तर काँग्रेसच्या चौकशी समितीने ती सुमारे एक हजार मानली. मग लेखक ‘खरा आकडा यांच्या मध्ये कुठेतरी असावा’ असे लिहून मोकळा होतो. या वाक्याला पुरावा लागत नाही, हीच त्याची सोय. सरकारने मृतांची नावे जाहीरपणे मागवायला सुरुवात केली ती काही महिने उलटल्यावर. आणि नाव द्यायला पुढे येणे म्हणजे आपले माणूस, कदाचित आपणही, बंदी असलेल्या सभेत होतो हे कबूल करणे. त्यामुळे ३७९ हा ज्यांचा माग लागला त्यांचा आकडा ठरतो, तर एक हजार हा अंदाज आहे. दोन्ही कसे तयार झाले ते सांगावे, त्यांची सरासरी काढू नये.

‘हंटर समितीचा निष्कर्ष’ असे एकवचनी लिहिणे ही दुसरी चूक होय. अध्यक्ष न्यायाधीश होते, तरी समिती वंशाच्या रेषेवरच दुभंगली : पाच ब्रिटिश सदस्यांनी गोळीबाराचा आदेश देणाऱ्या जनरल डायरला दोष देऊनही लष्करी कायदा पुकारणे समर्थनीय मानले, तर चिमणलाल सेटलवाड, जगत नारायण आणि सुलतान अहमद या भारतीय सदस्यांनी वेगळा अहवाल लिहून तेच नाकारले. शिवाय साक्षी सुरू होण्याआधीच, सप्टेंबर १९१९ मध्ये, अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संमत झाला होता. काँग्रेसच्या समितीत गांधी आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर होते, ते तटस्थ नव्हते, हेही जरूर लिहावे. मात्र एका बाजूच्या हाती तुरुंग होते आणि दुसरीच्या नव्हते, हा फरक त्यात बुडू देऊ नये.

कथा कुठून सुरू करता, यावरही बाजू ठरते. १० एप्रिलला जमावाने पाच युरोपियनांना ठार केले, हे वगळणे गैर आहे. पण त्याच दिवशी आधी किचलू आणि सत्यपाल या स्थानिक नेत्यांना शहराबाहेर नेले गेले आणि पुलाजवळ जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, हे गाळून हत्यांपासून आरंभ केला, की सारे सरकारी कृत्य आपोआप ‘प्रत्युत्तर’ बनते.

शेवटची चूक संयमाच्या वेषात येते : ‘हा एका अधिकाऱ्याचा अतिरेक होता.’ नेमका हाच युक्तिवाद जुलै १९२० मध्ये युद्धमंत्री चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत सरकारतर्फे केला; त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, उमराव सभेने, १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरची बाजू घेतली आणि एका वृत्तपत्राने त्याच्यासाठी २६ हजार पौंडांहून अधिक निधी जमवला. म्हणजे डायर एकटा नव्हता; म्हणून ते वाक्य वापरायचेच असेल, तर ते कोणाचे आहे हे नोंदवून हा मतदानाचा आकडा त्याच परिच्छेदात द्यावा.